सीट पुढे सरकते

माझ्या मावशीची उंची मी हजार कागदांवर छापली, तीही तिला न विचारता. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्यातली ही लहान.

आधी भिंतीवरच्या रेघेबद्दल सांगते. चाकणच्या बाजूला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचं पत्र्याचं ऑफिस आहे. दाराशेजारी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं एक आडवी रेघ मारलेली आहे. भरतीच्या दिवशी माणसं चपला काढून त्या भिंतीला पाठ लावतात. डोकं रेघेच्या वर गेलं तर आत, खाली राहिलं तर बाजूला. का, ते कुणी सांगत नाही. खोक्यांना चिकटपट्टी लावायला, स्टिकर डकवायला माणूस उंच कशाला लागतो, हे मी त्या मुकादमाला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, वरूनच आलंय." वरून म्हणजे कुठून, तर ते त्यालाही माहीत नव्हतं.

मावशी रेघेच्या चांगलीच खाली राहते. पण ती भरतीला गेली त्या दिवशी पॅकिंगला बायका कमी पडत होत्या, तेव्हा ती रेघ कुणालाच आठवली नाही. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात ती सहा वर्षं खोकी भरत होती.

मावशी आणि काका लातूरकडून आलेले. काळेवाडीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. आकुर्डीला कॉलेजला आले तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहते. कॉलेजातच कंत्राटी कामगारांच्या एका लहानशा संघटनेत शिरले. माझा आवाज बारीक. पहिल्याच गेटसभेत मी दोन वाक्यं बोलले आणि मागून एक जण ओरडला, "शिट्टी कोण वाजवतंय रे?" तेव्हापासून माझ्याकडे माईक आला नाही, कागद आले. पत्रक लिहायचं, छापून आणायचं आणि शिफ्ट सुटताना गेटवर वाटायचं. शिकवणाऱ्यांनी शिकवलंही होतं नीट. मथळा असा हवा की चालत्या माणसाचा पाय थांबला पाहिजे. खाली मुद्दे तीनच. आणि अन्याय करणाऱ्याला चेहरा द्यायचा, नाहीतर लोकांना राग कुणावर काढायचा ते कळत नाही.

हा शेवटचा नियम मला फार आवडायचा.

झालं असं की गोदामातलं पॅकिंगचं काम महिनाअखेरीला रांजणगावच्या बाजूला हलणार, असं ठरलं. काळेवाडीतून रोज तिथं जाऊन येणं मावशीला जमणारं नव्हतं. म्हणजे काम जाणार. इथं एकच जागा रिकामी होती, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या ऑपरेटरची. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लांब लोखंडी दात असलेली ती गाडी. माल रचलेला लाकडी पाट, म्हणजे पॅलेट, खालून उचलते आणि उंच रॅकवर नेऊन ठेवते.

त्या गाडीवर मावशीचा डोळा आधीपासूनच होता. खोकी उचलून उचलून तिची कंबर धरायची. "गाडी उचलती आन् मी बघती," ती म्हणायची. "मंग उचलायचं काम मी कामून करायलेय?" वर्षभर रविवारच्या रविवारी जाऊन तिनं फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग पुरं केलं होतं, सर्टिफिकेट आणलं होतं. गोदामात जेवणाच्या सुट्टीत बंद गाडीशेजारी उभं राहून तिला सगळं समजावून द्यायचा तो पहिल्या शिफ्टचा जुना ऑपरेटर. त्याला सगळे दादा म्हणतात. मोशीचा मूळ गावकरी, सहा फुटांच्या वर उंच. शेतीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, खोल्यांचं भाडं येतं, तरी घरी बसवत नाही म्हणून कामावर येतो. ऑपरेटर कसा असावा असं कुणी चित्र काढलं, तर ते दादाचंच निघेल.

सुपरवायझरनं मावशीला ट्रायल द्यायचं कबूल केलं. तिशीतला इंजिनिअर होता. तिला अहो-जाहो करायचा, पण ट्रायल देतानाच हसला होता म्हणे. "बघा ताई, प्रयत्न करून." हे 'म्हणे' माझं आहे, मावशीचं नाही. ती हसण्याबद्दल काही बोललीच नव्हती.

सोमवारी ट्रायल झाली. संध्याकाळी मावशी धपाटी थापत होती. मी विचारलं, काय झालं?

"बंद पडलं मशीन. तीनदा."

"आपोआप?"

"आपोआप. रॅकजवळ गेले, ब्रेक दाबला की बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणला, 'ताई, मशीनच नाही म्हणतंय, मी काय करू?' शनिवारी पुन्हा एकदा बघू म्हणलाय." तिनं धपाटं तव्यावर टाकलं. "त्यात जमलं तर जमलं. नाही तर महिन्यानं घरी."

झालं. माझं डोकं फिरलं. वर्षभर नीट चालणारं मशीन बरोबर माझ्या मावशीच्या ट्रायललाच बंद पडतं? तेही तीनदा? आणि वर हा माणूस विनोद करतो? मावशी आणखी काहीतरी सांगत होती. मी ऐकलंच नाही. मी आत जाऊन लिहायला बसले. उंचीचा आकडा माहीत नव्हता, तो तिच्या पिशवीतल्या ट्रेनिंगच्या फॉर्मवरून घेतला. मंगळवारी छापून आणलं, आणि बुधवारी सकाळी पहिल्या शिफ्टला गुलाबी कागद गेटवर माझ्या हातात होता.

'चार फूट सात इंच : हा गुन्हा आहे काय?' असा मथळा. खाली लाल रेघेवर एक मुद्दा, पॅकिंगच्या बायकांवर एक मुद्दा. आणि तिसरा असा : 'उंचीचा आकस धरून सुपरवायझरने ट्रायलच्या वेळी मशीन मुद्दाम बंद पाडले!'

पत्रक जोरात गेलं. लोक थांबून वाचत होते, फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. मी खूश होऊन घरी आले आणि झोपले.

साडेचारला मावशी आली. पिशवी खाली ठेवली, त्यातून गुलाबी कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. चारदा घडी घातलेला होता.

"चार फूट सात इंच. तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या फॉर्मवर होतं."

"माझ्या पिशवीतल्या?"

मी कागदाच्या घड्या उलगडायला लागले.

"कंपनीनं माझी उंची एकदा मोजली. चप्पल काढून, भिंतीला लावून. तू हजार जागी मोजलीस की गं बये." ती ओरडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "बसमधी एक म्हणला, 'या सात इंच, बसा.' सगळे हसले. मी बी हसले. काय करू मंग?"

"मी तुझ्या बाजूनं लिहिलंय, मावशी."

"माझ्या बाजूनं? बरं." तिनं तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "आन् हे काय? सायबानं मशीन बंद पाडलं? तो माझ्यापासून वीस पावलं लांब व्हता. हातात पाण्याची बाटली व्हती त्याच्या. बाटलीनं बंद पाडलं का?"

"मग बंद का पडलं?"

"मला माहीत नाही. माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं माणसानं. छापून टाकावं का?"

ही दुसरी चूक. मोठी.

सुपरवायझरनं तिला बोलावलं होतं. वरून त्याला विचारणा झाली होती, की हे काय प्रकरण आहे, आणि ट्रायल कशाला ठेवली. त्यानं मावशीला विचारलं, पत्रक काढणारी तुमची कोण? मावशीनं सांगितलं, भाची आहे, माझ्याच घरी राहते. तो म्हणाला, "ताई, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण हा आरोप असाच राहिला तर शनिवारची ट्रायल होणार नाही. मी घेऊच शकणार नाही. पास केलं तर पत्रकाला घाबरला म्हणतील, नापास केलं तर पुन्हा पत्रक येईल."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं बिनतोड होतं. त्यामुळे मला त्याचा आणखीच राग आला.

गुरुवारी संघटनेतल्या एका ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "खुलासा काढायचा नसतो. पुढचं पत्रक काढायचं असतं. लोक विसरतात." लोक विसरतीलही. पण मावशीला महिनाअखेर कशी विसरता येणार? पुढच्या पत्रकानं तिला कामावर ठेवणार होतं का कुणी? संघटनेवर माझा जीव आहे, अजूनही आहे. पण त्या दिवशी मी तिथून उठून आले.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दादाला गाठलं. मान एका बाजूला धरून तो चहा पीत होता. मला बघून म्हणाला, "तूच का ती सात इंचवाली?"

"दादा, मशीन का बंद पडत होतं?"

"आता इचारतीस व्हय? छापायच्या आदी न्हाई सुचलं?" मग त्याला दया आली असावी. त्यानं टपरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. "बस हिच्यात. मागं टेकून बस. आता समज, पाय पोचत न्हाईत. म्होरं सरक. आजून. कडंला आली? आता सांग, मागं काय ऱ्हायलं?"

"काहीच नाही. मोकळी जागा."

"मग! शीटखाली बटन असतंय. वजन पडलं का मशीनला कळतं, मानूस बसलाय. वजन सुटलं का बंद. कुनी चालत्या गाडीवरनं पडलं तर गाडी थांबाया पायजे, म्हनून केलंय ते. तुझी मावशी ब्रेक दाबाया म्होरं सरकती, मागचं वजन सुटतं. मशीनला वाटतं, बाई उतरली."

मी खुर्चीच्या कडेवर तशीच बसून राहिले. कुणी आकस धरला नव्हता. कुणी बटण दाबलं नव्हतं. मला राग ठेवायला जागाच उरली नाही.

"मग सीटच पुढे घ्यायची ना."

"घ्याया दांडा हाय की खाली. पर गंजून, घाण बसून पार धरलाय. ह्या मशीनवर आजवर समदे माझ्यावानी ताडमाड. दांड्याला हात लावलाय कुनी कशाला? मलाच ठावं न्हवतं हाय म्हनून." त्यानं मान चोळली. "ट्रेनिंगच्या गाडीची शीट म्होरं घेतलेली आसनार. म्हनून तिथं तिला जमलं."

ट्रायलनंतर मावशी संध्याकाळी धपाटं उलटताना तेच सांगत होती. ट्रेनिंगच्या गाडीवर तर असं कधी झालं नाही, एवढंच तिचं वाक्य होतं. मी तेव्हा मथळा जुळवत होते.

दांडा सापडला तो कसा, तेही ऐका. आरोप आला म्हणून सुपरवायझरनं मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं होतं. मी काही केलं नाही हे कागदावर दाखवा, म्हणून सांगितलं. त्यानं सगळं मशीन तपासलं आणि सीटखालचं बटण, अडकलेला दांडा असं लिहून दिलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीतच त्या तिघांनी, म्हणजे मेंटेनन्सवाला, दादा आणि मावशीनं मिळून, तेल सोडून, ठोकून ठोकून सीट निम्म्यापर्यंत आणली होती. उरलेली सकाळी होईल म्हणाले.

घरी आल्यावर मी मावशीला म्हटलं, म्हणजे तसं बघितलं तर पत्रकामुळेच...

"नगं," ती म्हणाली. "त्याचं कौतुक तू घेऊ नगं. तू विचारलं असतंस तर बिना पत्रकाचं बी झालं असतं."

तिनं जुनी गोधडी काढली आणि दोन पदरांत दुमडून शिवायला बसली. सीटवर पाठीमागे बांधायला.

शनिवारी सकाळी मी गेटवर गेले. खुलासा छापायला वेळ नव्हता, हातानं लिहून आणला होता. सुपरवायझर बाहेर आला. मागे सिक्युरिटीचे दोघे, शिफ्टला आलेले पंधरा-वीस जण. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो परत माझ्याकडे दिला.

"वाचा. ज्यांना आरोप वाटलात, त्यांना हेही ऐकू द्या."

मी वाचायला लागले.

"जोरात. मागे ऐकू येत नाही."

माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे. मी तरी वाचलं. 'बुधवारच्या पत्रकात मी लिहिलं की मशीन मुद्दाम बंद पाडलं. ते खरं नाही. मी चौकशी न करता लिहिलं. सीट अडकल्यामुळे मशीन बंद पडत होतं. ज्यांच्यावर आरोप केला त्यांची मी माफी मागते.' आवाज दोनदा चिरकला. कुणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "आलं ऐकू, ताई. पुरे."

सुपरवायझरनं कागद घडी करून खिशात ठेवला. "इथेच थांबा, जाळीच्या बाहेर. आज स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग काय लिहायचं ते लिहा."

जाळीतून यार्ड दिसतं, आणि उघड्या शेडमधले रॅक. ट्रायलच्या नियमांत एवढंच असतं, की पॅलेट उचला आणि रॅकच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवा. पण ऑपरेटर लोकांचा स्वतःचा एक रिवाज आहे, तो कुठल्या कागदावर नाही. नव्या माणसाच्या पॅलेटवर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली ठेवायची. लाकूड भिजलं, तर बाकीचे त्याला ऑपरेटर मानत नाहीत. दादानं बादली भरून आणली आणि पॅलेटच्या मधोमध ठेवली. सुपरवायझरनं बघून न बघितल्यासारखं केलं.

मावशी पायरीवरून वर चढली. खाली वाकून दांडा ओढला. सीट कर्रर्र आवाज करत पुढे आली. गोधडी पाठीमागे बांधलेलीच होती. ती मागे टेकून बसली, पट्टा लावला. जाळीच्या बाहेरून मला तिचे पाय दिसत नव्हते, आणि मला बघायचे होते ते पायच.

मशीन चालू झालं. दात पॅलेटखाली गेले. पॅलेट वीतभर उचललं. पाण्यावर ऊन हललं, पण सांडलं नाही. ती बेतानं निघाली, एवढी बेतानं की मागचा एक जण म्हणाला, "वरात निघाली राव." दादानं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

रॅकचं तोंड आलं. सोमवारी इथंच तीनदा बंद पडलं होतं. मी जाळी दोन्ही हातांनी धरली. मावशीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली.

मशीनचा आवाज चालूच होता.

दात वर जायला लागले. पहिला मजला, दुसरा. दादा माझ्या शेजारी जाळीच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला. "आता बघ," हळूच म्हणाला. "माझी मान का गेली सांगू? डोक्यावर लोखंडी छप्पर हाय. तिसऱ्या मजल्यावरचं बगाया मला दर बारी खाली वाकून, मान मुरगाळून वर बगाया लागतं. इतकी वर्सं. तिच्याकडं बघ."

मावशी ताठ बसली होती. नुसती मान वर केली होती. ती बुटकी, आणि सीट पुढे घेतलेली. छपराच्या कडेखालून तिला तिसरा मजला सरळ दिसत होता. या कामाला शोभणारा माणूस इतकी वर्षं वाकत होता, आणि न शोभणाऱ्या बाईला वाकायची गरजच नव्हती. हे त्या लाल रेघेवाल्यानं कधी बसून बघितलं असेल?

पॅलेट रॅकवर टेकलं. दात मागे आले. मग सुपरवायझरनं तेच पॅलेट परत खाली घ्यायला लावलं. तिनं घेतलं. तो चालत गेला, लाकडावरून हात फिरवला, हात बघितला.

"कोरडं हाय साहेब," दादा लांबूनच ओरडला.

"दिसतंय मला." त्यानं मावशीकडे वर बघितलं. "सोमवारपासून सेकंड शिफ्ट, ताई. ती गोधडी मात्र पक्की बांधा. पॅडलमध्ये यायला नको."

मावशीनं मशीन बंद केलं, पट्टा काढला आणि उतरली. उतरताना शेवटच्या पायरीवरून तिला उडी मारावी लागते. ती मारली. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाली, "पाणी द्या कुणीतरी."

"हे काय, बादलीभर हाय की," दादा म्हणाला, आणि सगळे हसले. ती पण. हे हसणं बसमधल्यासारखं नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या कट्ट्यावर जाऊन बसले. गेटवर इतक्या घोषणा दिल्यात मी, पण त्या वेळी तोंडातून साधं हुश्शसुद्धा धड निघेना. मावशीचं काम वाचलं. माझ्यामुळे जाता जाता वाचलं. टपरीवाल्यानं न मागता चहा आणून दिला.

लाल रेघ अजून तिथंच आहे. तिच्यावर मी नवं पत्रक लिहिलंय. छापायच्या आधी मावशीला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी थांबवलं आणि विचारलं, "हे तू बघितलंस का?" एक मी बघितलं होतं. दुसरी ओळ काढून टाकली. तिची उंची त्यात कुठेही नाही.

आणि दादा मला टपरीवर भेटला की दर वेळी तक्रार करतो. "मावशीला सांग तुझ्या, जाताना शीट मागं घिऊन ठिव म्हनावं. सकाळी बसाया गेलो का गुडघं श्टेरिंगला."

मी घरी येऊन सांगते. मावशी गोधडीची दोरी तपासत असते.

"त्यांना म्हणावं," ती म्हणते, "तुम्ही जाताना पुढं घेऊन ठिवा, मंग मी मागं घेते."